सांगून टोचायची सुई

त्या सकाळी आमच्या फ्रिजमध्ये बकऱ्याच्या सहा कलेज्या होत्या. सासूबाईंनी आयुष्यात कधी घरात अंडंसुद्धा येऊ दिलं नव्हतं. त्यांनी फ्रिज उघडला, लगेच बंद केला आणि मला विचारलं, "हे काय मांडलंय?"

"कार्यशाळा आहे. डॉक्टरांना शिकवायचंय," मी म्हटलं.

"मग शिकवा की. माझ्या दह्याशेजारी कशाला?"

त्यांनी दह्याचं पातेलं उचलून शेजारणीकडे नेऊन ठेवलं आणि पुढचे दोन दिवस फ्रिजमधलं पाणीही तोंडाला लावलं नाही. मी हा किस्सा तेव्हा भेटेल त्याला रंगवून सांगत होते. सांगताना नेमकी दह्यापाशी थांबत होते, कारण पुढचं सांगण्यासारखं नव्हतं. आज पुढचं सांगते.

जालन्यात माझं सोनोग्राफी केंद्र होतं. दिवसभर गरोदर बायका, मुतखडे आणि अपेंडिक्स. त्याच त्या कामाचा कंटाळा आला होता, आणि मला कंटाळा आला की मी चिडचिड करते, हे आमच्या घरात आणि केंद्रात सगळ्यांना पाठ होतं. शेवटी चाळिशी उलटल्यावर, दीड महिना केंद्राला कुलूप लावून, मी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात शिकायला गेले. यकृतात कॅन्सरची गाठ असेल आणि ती फार मोठी नसेल, तर पोट न फाडता, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत लांब बारीक सुई थेट गाठीत न्यायची आणि तिच्यात शुद्ध अल्कोहोल सोडायचं. गाठ आतल्या आत जळते. एका खेपेत भागत नाही, चार-सहा खेपा कराव्या लागतात. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आमच्या भागात हे कुणी करत नव्हतं. निदान मी तरी तसं सगळ्यांना सांगत होते.

परत आले ती हवेतच. लगेच ठरवलं, की अंबड, परतूर, भोकरदनच्या डॉक्टरांना बोलवायचं, मुंबईच्या सरांना पाहुणे म्हणून आणायचं आणि कार्यशाळा घ्यायची. सकाळी कलेजीवर सराव. कलेजीला चिरा देऊन आत भिजवलेले वाटाणे सारायचे. पडद्यावर ते अगदी गाठीसारखे दिसतात. डॉक्टरांनी पडद्यावरची नजर न काढता वाटाणा सुईने गाठायचा. दुपारी खऱ्या पेशंटवर प्रात्यक्षिक. सरांनी फोनवर बजावून सांगितलं होतं, "पेशंट नवा बघा. पहिल्यांदा सुई जाताना दाखवली पाहिजे. आधी टोचलेली गाठ पडद्यावर नीट दिसत नाही."

नवा पेशंट मला आयता मिळाला. ते आमचे कंपाउंडरमामा.

त्यांच्याविषयी आधी सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात, डॉक्टरकीचा शिक्का ओला असताना, वाटूरच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली. मामा तिथले कंपाउंडर. मूळचे वाटूरचे. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. ते रोज सकाळी "जयभीम, बाई" म्हणत आणि मी नुसती मान हलवत असे. माझ्या नाकावर माशी बसत नव्हती त्या दिवसांत. कंपाउंडर मला काय शिकवणार, असा एकूण नूर होता.

मग पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली. एक तीन महिन्यांचं मूल आणलं होतं, जुलाबांनी सुकून चिपाड झालेलं. सलाइन लावायला मला शीर सापडेना. एकदा टोचलं, दोनदा टोचलं. आई रडत होती आणि मी तिच्यावरच ओरडत होते. मामांनी मुलाचा पाय आपल्या तळहातावर घेतला, घोट्याजवळ अंगठ्याने चोळला, माझं मनगट धरून सुई योग्य जागी आणली. आणि मग, सुई घालायच्या आधी, त्या अर्धमेल्या पोराच्या कानाशी वाकून म्हणाले, "आता सुई येती बरं का, राजा."

सुई पहिल्या झटक्यात शिरेत गेली. नंतर मी त्यांना हसून विचारलं, "मामा, त्या लेकराला काय कळतंय?"

"त्याला न कळू द्या. आपल्याला कळतं ना," ते म्हणाले. "न सांगता चावतो तो साप, बाई. माणसानं सांगून टोचावं."

मी तिथे चार वर्षं होते. सुई धरायची खरी विद्या मी कॉलेजात नाही, मामांकडे शिकले. आमचं भांडण व्हायचं ते फक्त दसऱ्याला. दरसाल दसऱ्याच्या दिवशी ते नागपूरला दीक्षाभूमीवर जात. मिसरूड फुटायच्या वयात वडिलांबरोबर ते पहिल्यांदा गेले होते आणि तेव्हापासून एकही साल चुकलं नव्हतं. दसऱ्याच्या आसपास हिवतापाचे पेशंट वाढलेले असत, म्हणून मी रजेवर सही करताना कुरकुर करायचे. ते ऐकून घ्यायचे आणि जायचेच.

तर हे मामा, निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर, दसऱ्याला दहा-बारा दिवस असताना माझ्या केंद्रात आले. वजन उतरलेलं, उजव्या कुशीत जडपणा. बरोबर त्यांचा मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मी गप्पा मारत मारत पोटावर मशीन ठेवलं आणि गप्पा थांबल्या. यकृत सगळं खडबडीत झालेलं आणि उजव्या बाजूला एक गाठ. पुढच्या तपासण्यांनी शंका ठेवली नाही. कावीळ ब कधीतरी होऊन रक्तात राहून गेली होती. आमच्या काळी काचेच्या सिरिंज उकळून वापरायचो, सुया धुताना मामांच्या बोटाला किती वेळा टोचल्या असतील याला गणती नाही. हातमोजे मागवा, असं वरती एक पत्र लिहायला मला चार वर्षांत सुचलं नव्हतं.

मुलाने मला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, दादांना सांगू नका. हाय खातील ते."

आपल्याकडे हे असंच चालतं. आजार पेशंटचा आणि बातमी नातेवाइकांची. मी शेकडो वेळा असंच केलं होतं. मी मुलाला बरं म्हटलं आणि आत आले. मामा सदऱ्याची बटणं लावत होते.

"कशाची गाठ हाये, बाई?"

"साधी आहे. औषध सोडून जाळू."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी मशीनच्या वायरी आवरायला लागले.

"मंग कवा करायचं? जल्दी करून टाकू."

इथे मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सुरू करता आलं असतं. सगळं सामान माझ्या कपाटात होतं. पण कार्यशाळा दसऱ्यानंतर दोन दिवसांनी होती आणि मला गाठ कोरी हवी होती. मी म्हटलं, "मुंबईचे सर येतायत. त्यांच्यासमोर करू, म्हणजे नीट होईल. चारदोन डॉक्टर बघायला असतील, चालेल ना?"

"चालतं की. शिकू द्या. पर मधी दसरा हाये, मी नागपूरला जाऊन येतो."

नागपूरची गर्दी, उघड्यावर झोपणं, उन्हातान्हाचं चालणं. तिकडून ताप घेऊन आले, तर माझं प्रात्यक्षिक बोंबललं असतं. हेच माझ्या मनात आलं, दुसरं काही नाही.

"या वर्षी प्रवास नको, मामा. पुढच्या वर्षी जा."

"दोन दिसाची बात हाये, बाई."

"पुढच्या वर्षी जा म्हटलं ना."

ते गेले नाहीत. डॉक्टरचं ऐकायचं ही त्यांची नोकरीतली सवय होती.

कार्यशाळा एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात होती. खाली मीटिंगची खोली, वर प्रोसिजरची खोली. केबलवाल्याकडून वायर ओढून घेतली होती, म्हणजे वरच्या मशीनचं चित्र खालच्या टीव्हीवर दिसेल. माझ्या गळ्यात माइक, आणि खालच्यांचे प्रश्न ऐकू यावेत म्हणून वर कपाटावर एक स्पीकर. चारदोन म्हटलेले डॉक्टर वीसच्या वर होते. सकाळी कलेज्यांवर सुयांची झुंबड उडाली. वाटाणा सापडला की लोक टाळ्या वाजवत होते. जेवणासाठी खालची टेबलं लागणार म्हणून कलेज्यांचा ट्रे कुणीतरी वर आणून, पेशंटच्या टेबलाशेजारी ठेवून दिला. मला तो दिसला होता. मी हलवायला सांगितला नाही.

मामा सकाळच्या एसटीने आले होते. अंगात कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा. मी म्हटलं, "मामा, आज फार झकपक?"

"नागपूरसाठी शिवला व्हता," ते म्हणाले. "इथं घातला आता."

ते टेबलावर आडवे झाले. भूल फक्त कातडीपुरती देतात, माणूस पूर्ण जागा असतो. त्याने श्वास धरून निपचित राहायचं असतं, कारण श्वासाबरोबर यकृत वरखाली होतं. हे मी सकाळी वीस जणांकडून घोकून घेतलं होतं. सर शेजारी उभे होते. खाली वीस माणसं टीव्ही बघत होती. मी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. ही गाठ बघा, ही शीर बघा, आता मी आत शिरतेय. सगळं माइकला सांगितलं. टेबलावरच्या माणसाला काही सांगितलं नाही.

सुई आत जाताच मामांचं अंग झटक्याने आखडलं. पडद्यावर गाठ सरकली, सुई बाजूला गेली.

"हलू नका म्हटलं ना!" मी ओरडले. मी तसं म्हटलेलंच नव्हतं. खालून हसण्याचा आवाज स्पीकरमधून वर आला.

मी सुई मागे घेतली. तेवढ्यात परतूरच्या एका डॉक्टरांनी प्रश्न विचारला. इंग्रजीतच, चांगला खणखणीत. अशा यकृतात अशी गाठ असेल, तर हा पेशंट किती जगेल? आणि त्याला कॅन्सर असल्याचं माहीत आहे का?

मी तोंडी परीक्षेला बसल्यासारखं धडाधड उत्तर दिलं. वर्षभर, फार तर. नाही, पेशंटला माहीत नाही, नातेवाइकांची तशी इच्छा आहे.

ज्या माणसाने नोकरीभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या, इंग्रजी लेबलं वाचून औषधं दिली, माझ्या केसपेपरवरच्या चुका हळूच खोडून दुरुस्त केल्या, त्याच्या पोटावर हात ठेवून मी हे बोलले. इंग्रजीत बोललं की पेशंट खोलीत नसतो, अशी आम्हा डॉक्टरांची एक समजूत आहे. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. ते आलं मामा बोलले तेव्हा.

"घाला सुई, बाई," ते छताकडे बघत हळूच म्हणाले. "आता मी हालत न्हाई."

त्यांनी श्वास धरला. इतका वेळ श्वास धरलेला पेशंट मी आजवर पाहिलेला नाही. सुई गाठीच्या बरोबर मध्यावर गेली. अल्कोहोल सोडलं, पडद्यावर गाठ पांढरी पांढरी होत गेली, आणि खाली टाळ्या पडल्या. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळी मला शाल, श्रीफळ आणि गुच्छ मिळाला. फोटो काढले. मामांना भेटायला मी गुच्छ घेऊनच गेले, हातातला ठेवायचंही भान नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बराबर गेली ना सुई?" मी हो म्हटलं. मग ते कुशीवर वळले.

दुसऱ्या खेपेला चौथ्या दिवशी यायचं होतं. आले नाहीत. मुलाचा फोन आला, "दादा नको म्हणतात." मी त्याच्यावर चिडले, त्यांना समजावून सांगा म्हटलं. फोन ठेवल्यावर कळलं, की चिडायचं होतं ते दुसऱ्याच कुणावर. रविवारी मी गाडी काढली आणि वाटूरला गेले.

मामा अंगणात खाटेवर बसले होते. मला पाहून उठायला लागले, तशी माझ्या तोंडून "जयभीम, मामा" निघालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आज लई मोठं काम दिसतंय, बाई."

मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामींनी चहा आणला. मी बोलू लागले. गाठीचा किती भाग जळलाय, किती राहिलाय, खेपा सोडल्या तर काय होईल, आधीच्या उशिराने तसं काही बिघडलेलं नाही. हे शेवटचं मला कुणी विचारलंही नव्हतं. मामांनी चहा संपू दिला.

"कॅन्सर हाये हे मला तुमच्या मशीनीच्या अगोदर कळालं व्हतं," ते म्हणाले. "पोटं पाहण्यात जिंदगी गेली माझी. पोरगं बोललं न्हाई, लेकरू हाये, घाबरलं. पर तुम्ही सांगताल म्हणून मी वाट पाहून राह्यलो व्हतो."

"मुलानेच सांगितलं होतं मामा, की…"

"पोराच्या आड नका लपू." त्यांचा आवाज चढला. मी तो चढलेला कधी ऐकला नव्हता. "त्या ट्रेमधी कलेजी व्हती ना माझ्या बाजूला? सकाळी तिला टोचलं, दुपारी मला. तिच्याशी कोणी बोललं न्हाई, माझ्याशी बी न्हाई. काय फरक व्हता, सांगा बरं मला."

मी रिकामी कपबशी खाली ठेवली.

"आन् नागपूर. दोनदा इचारलं मी तुम्हाला. तुम्ही म्हणल्या, पुढच्या वर्षी जा. मला वाटलं, बाई म्हणतात म्हंजी पुढचं वर्ष असंल. तुम्हाला मालूम व्हतं, बाई."

"मालूम होतं," मी म्हटलं. एवढंच खरं होतं. मामी आत निघून गेल्या. मी रडले नाही. रडायचाही मला हक्क वाटला नाही.

मामा खाटेच्या काठावर सरकून बसले आणि म्हणाले, "येतो मी. खेपा पुऱ्या करू. डॉक्टर लोकं बी येऊ द्या, त्यांना शिकलंच पाह्यजे. पर आता बिलकुल सगळं सांगून."

मामा आणखी चार खेपा आले. प्रत्येक वेळी मी सगळं सांगितलं. पहिल्याच खेपेला त्यांनी विचारलं, "किती दिस?" आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघून मराठीत तेच उत्तर दिलं, जे मी इंग्रजीत माइकला दिलं होतं. मराठीत ते मला फार जड गेलं. दोन तरुण डॉक्टर शिकायला येत. मामा टेबलावर आडवं पडून त्यांची परीक्षा घ्यायचे. नाव काय, कोणत्या गावचे, आता काय करणार, किती दुखणार. उत्तर अडखळत आलं, तर म्हणायचे, "जा, पाणी पिऊन या, मंग टोचा."

गाठ बरीचशी जळली. यकृत मात्र आधीच थकलेलं होतं. नंतर दुसऱ्या बाजूला नव्या गाठी आल्या. उन्हाळ्यात पोटात पाणी भरलं. त्या दोन आठवड्यांनी काही फरक पडला असता का? बहुतेक नसता. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय, की आता त्याच्यावर माझा विश्वास उरलेला नाही. आणि गाठीला फरक पडला नसेलही. नागपूरचा दसरा मात्र त्यांच्या हातात होता आणि तो मी काढून घेतला.

पोळ्याच्या आधी ते गेले. दसऱ्याला दीड-एक महिना होता. मी पोचले, तेव्हा त्यांना तो पांढरा सदरा घातला होता. मुलगा मला म्हणाला, "दादांनी नागपूरला जायचं म्हणून पिशवी भरून ठेवली होती, मॅडम. जूनपासूनच." पिशवी खुंटीला होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर मी बऱ्याच कार्यशाळा घेतल्या. यंत्रं बदलली, अल्कोहोलच्या जागी गाठ उष्णतेने जाळणाऱ्या सुया आल्या. कलेजी आणि वाटाणे तेच राहिले. पहिला धडाही ठरलेला. ट्रेवर सुई उगारण्याआधी प्रत्येक डॉक्टरने कलेजीकडे बघून मोठ्याने म्हणायचं, "आता सुई येतेय. श्वास धरा." सगळे हसतात. मी हसू देते आणि पुन्हा म्हणायला लावते.

एकदा अंबडकडची एक तरुण डॉक्टर होती, हाताने फार चांगली. हसता हसता तिने विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आमच्या एका कंपाउंडरमामांनी."

"किती छान! मग तुमचा किती अभिमान वाटत असेल त्यांना."

खोलीत वीसेक जण माझ्याकडे बघत होते. सांगायची वेळ हीच होती. मी ट्रे तिच्यापुढे सरकवला.

"वाटाणा डावीकडे आहे," मी म्हटलं. "सुई घ्या."